चौदा चेस्टगार्ड

अकोला, २ मे २००७

इमाद,

सलाम. अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब, आधी वाच. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही नाही. कोणाचं किती चुकलं यावर सावकाश भांडू. तुझा फोन नंबर या घरात कोणाकडे नाही. हा पत्ता तुझ्या लग्नाच्या कार्डावरून घेतलाय. कार्ड अब्बांनी फाडलं होतं, मी तुकडे जुळवून चिकटवलं. पिनकोडचा एक आकडा अंदाजानेच टाकलाय.

एकच गोष्ट विचारायची आहे. जाताना तू माळ्यावर नारिंगी लगद्याचे दोन डबे ठेवून गेलास. तुझ्या पुण्याच्या कारखान्यातून ईदला आणला होतास तो लगदा. अंगठा हळू दाबला तर आत रुततो, हातोडा हाणला तर दगड होतो. स्वतःच्या तळहातावर ठेवून तू हातोडा मारून घेतलास आणि मी किंचाळले. मग तू अब्बांना म्हणालास की आता कापूस पिंजायचे दिवस संपले, आणि अब्बांनी तुझी बॅग रस्त्यावर ठेवली.

तो लगदा उन्हात कसा वागतो?

कारण सांगते, म्हणजे तू तर्क लढवत बसणार नाहीस. गाद्यांचं काम जवळजवळ थांबलंय. सलग दोन हंगाम खेड्यापाड्यांतलं पीक गेलं, लोकांनी लग्नं पुढे ढकलली, आणि लग्नच नाही तर आंदणात गादी कोण देणार? अब्बा रोज पिंजण पुसतात आणि परत ठेवतात. छातीत कापूस बसून बसून त्यांचा दमाही वाढलाय. दुकानाचा फोन कटला. आरजूचे अब्बू गेल्यापासून मी या घरात बसून खाते असं कोणी म्हणत नाही, पण मलाच तसं वाटतं.

आरजू चौदा वर्षांची झाली. तू गेलास तेव्हा तुझ्या खांद्यावर बसायची. आता लेदर बॉलने खेळते, सलामीला जाते, आणि घरातही मैदानावरचीच भाषा बोलते. तिच्या शाळेच्या जयवंता मॅडमनी मुलींची टीम काढली आहे. बाजारातले चेस्टगार्ड पुरुषांच्या मापाचे, पोरींच्या अंगावर ते पाटासारखे हलतात. मॅडम सहज म्हणाल्या, "रुबीनाबाई, तुमी गाद्या शिवता, मंग पोरींच्या छातीसाठी एखादी छोटी गादी नाही शिवून देत का?" त्या हसण्यावारी बोलल्या, पण माझ्या डोक्यात तुझे डबे आले.

लगदा प्लास्टिकच्या पिशवीत भरला, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलं, वर पातळ फोम, त्यावर कॅनव्हासची खोळ. फेब्रुवारीत तपासून पाहिला. खाली उडदाचा पापड, त्यावर गार्ड, आणि गच्चीवरून आरजूने लेदरचा बॉल टाकला. वीस वेळा टाकला. पापड फुटला नाही. मी तो भाजून खाल्ला, खुशीत.

परवा आरजूचा गार्ड खुंटीवरून काढला तर खालची कड हाताला जड लागली. भासही असेल. पण काल इथे शेहेचाळीस होतं, म्हणून विचारते.

फक्त दोनच शिवले आहेत, नमुन्याचे. काळजी करण्यासारखं काही नाही. तरी लवकर लिही.

तुझी आपा,
रुबीना

अकोला, ११ मे २००७, शुक्रवार

इमाद,

तुझं पत्र अजून आलं नाही. आज पोस्टमन खुशालराव गल्लीतून गेला, मी दारातच उभी होते. त्याच्याजवळ आपलं काही नव्हतं. पिनकोड चुकला असेल.

दोन नाही, चौदा शिवले आहेत. पूर्ण टीमचे. मागच्या पत्रात दोन लिहिलं, कारण चौदा लिहिताना हात अडखळला. ते सगळे महिनाभर मुलींच्या अंगावर आहेत. आरजूचा तेवढा घरी येतो, बाकीचे दिवसभर मैदानाच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असतात. त्या खोलीत दुपारी मी एकदा गेले आणि उंबऱ्यातून परत फिरले, इतकी भट्टी.

आरजूच्या गार्डवरून मी रोज हात फिरवते. वरच्या बाजूला, जिथे हृदय येतं तिथे, कापड कापडाला लागतं असं वाटतं. मग वाटतं, नाही, आहे काहीतरी. पुन्हा हात फिरवते. उसवून पाहायचं म्हणून दोनदा कात्री घेतली आणि दोनदा खाली ठेवली. उसवलं की कळणार, आणि कळलं की काहीतरी करावं लागणार. तू माझा भाऊ आहेस म्हणून हे लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.

उद्या टीम अमरावतीला जाते आहे. सकाळच्या गाडीने निघून दुपारी मॅच. समोरच्या टीमची एक पोरगी इतकी जोरात टाकते म्हणे की आमच्या मुली तिचं नाव निघालं की गप्प होतात. आरजू जाणार नाही. तिला ताप आहे. मी तसं मॅडमना कळवलंय. तिच्या जागी बार्शीटाकळीच्या भाजीवाल्या देवानंदची करिश्मा सलामीला जाईल. पोरगी तेरा वर्षांची आहे आणि अंगाने आरजूच्या निम्मी.

मॅडमना मी काय सांगू? की मला शंका आहे? नुसत्या शंकेवर चौदा पोरींचा खेळ कसा थांबवायचा? आणि त्यांनी गार्ड परत केले की गावभर होईल की गादीवाल्याच्या पोरीने कचरा शिवला. खात्री असती तर गोष्ट वेगळी. तुझं पत्र आलं असतं तर मी नक्की काहीतरी केलं असतं.

अब्बांनी विचारलं, "काय झालं बेटा, जेवून नाही राहिली तू?" मी म्हटलं, ऊन लागलं.

रुबीना

अकोला, १३ मे २००७

इमाद,

आधी खोटं निस्तरते. तुझं पत्र मला गुरुवारीच मिळालं होतं. पिनकोड बरोबर होता. खुशालरावाने माझ्या हातात दिलं आणि मी दुकानाच्या दारात उभ्याउभ्याच वाचलं. त्यात सलाम नव्हता, दुआ नव्हती. चारच ओळी होत्या, आणि त्या आता मला तोंडपाठ आहेत. "आपा, ते चाळीसच्या वर गेलं की काकवीसारखं वाहतं. उभं टांगलं तर थंडीतही हळूहळू खाली उतरतं. कोणाच्याही छातीवर घालू देऊ नकोस. शिवलेले असतील तर आजच्या आज काढून घे."

आणि दुसऱ्या दिवशी बसून मी तुला लिहिलं की पत्र आलं नाही. का, तर पुढे काही वाईट झालं तर दाखवायला कागद असावा, की बघा, हिला माहीतच नव्हतं. हे मी केलं. डोकं ठिकाणावर ठेवून, तारीख घालून, पोस्टाच्या पेटीत टाकून.

चूक कुठे झाली ते तुझ्या पत्रावरून लगेच कळलं. आपण गादीवाले. आपल्याकडे सगळं आडवं असतं. गादी आडवी भरायची, आडवी टाचायची, आडवी झोपून पाहायची. मी गार्डही जमिनीवर आडवा ठेवून तपासला. आडवा असताना लगदा कुठे जाणार? मुलगी उभी राहून खेळते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कापूस सरकू नये म्हणून आपण दर चार बोटांवर टाका घालतो ना, तेही मी केलं नाही. पिशवीला सुई लागेल म्हणून एक मोठाच कप्पा ठेवला. अब्बांना एकदा दाखवला असता तर त्यांनी बघताक्षणी सांगितलं असतं. पण तुझा लगदा होता, त्यांना कसा दाखवणार?

आरजूला ताप नव्हता. तिला मी सांगितलं की अब्बांचा दमा वाढलाय, तू घरी थांब. मॅडमना सांगितलं की तिला ताप आहे. दोन ठिकाणी दोन थापा, आणि दोन्ही चालून गेल्या. समोर दहा पावलांवर पीसीओ आहे. मॅडमचा मोबाइल नंबर मला पाठ आहे. तापाचं कळवायला मी त्याच पीसीओवर गेले होते. तोच फोन हातात असताना मी आणखी एक वाक्य बोलू शकले असते. नाही बोलले. भीती वाटली, इमाद. पोरी मरतील याची भीती होती, आणि माझं नाव जाईल याचीही होती, आणि दुसरी भीती मोठी ठरली. माझी पोरगी घरात होती, म्हणून ठरली.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पीसीओवाला धावत आला. "रुबीनाबाई, अमरावतीहून फोन हाय. करिश्माले बॉल लागला." रस्ता ओलांडताना माझ्या चपला कुठे राहिल्या कळलं नाही. मॅडम पलीकडून रडत होत्या. बॉल उसळला, थेट छातीवर आला, पोरगी जागच्या जागी खाली बसली, मग आडवी झाली. मिनिटभर तिला शुद्ध नव्हती. तिला दवाखान्यात नेलं होतं. मी विचारलं, जिवंत आहे ना? मॅडम म्हणाल्या, "अशा काहून बोलता? शुद्धीवर आली ना."

मिळाली त्या बसने अमरावतीला गेले. अब्बांना काय सांगितलं आठवत नाही. करिश्मा पलंगावर बसली होती. बरगडीला बारीक चीर आहे, छातीवर वाटीएवढा काळानिळा डाग आहे, बाकी ठीक. मला बघून हसली. मॅडम औषध आणायला गेल्या तशी हळूच म्हणाली, "काकू, गार्डातला माल खाली उतरते ना, म्हून मी खोळीत वरून बाबाचा दुपट्टा घडी करून टाकला होता. मॅडमले नका सांगजा."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्या पोरींले माहीत हाय. पन सांगितलं तं मॅडम गार्ड काढून घेतीन, अन् गार्ड नाही तं बाबा खेळू देत नाही. आमी आपलं काही ना काही कोंबतो."

तिचा गार्ड मी तिथल्याच बाकावर बसून उसवला. सगळा लगदा तळाशी, पोटावर जमलेला, जाड पट्ट्यासारखा. छातीच्या जागी रिकामी पिशवी, आणि तिच्यावर देवानंदचा मळका दुपट्टा, आठ घड्या केलेला. इमाद, त्या पोरीला माझ्या गार्डने वाचवलं नाही. तिच्या बापाच्या दुपट्ट्याने वाचवलं. आणि ती आठऐवजी चार घड्या करून गेली असती तर काय झालं असतं, हे मी कालपासून मोजते आहे.

घरी येऊन आरजूचाही उसवला. त्यात तिचे शाळेचे दोन मोजे निघाले.

अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. उरलेले बारा गार्ड मात्र मॅडमकडून मागून आणले. दुरुस्तीसाठी, असं म्हटलं. निदान ते आता कोणाच्या अंगावर नाहीत.

रुबीना

अकोला, १८ मे २००७

इमाद,

काल देवानंद आला होता. डोक्यावर टोपली, टोपलीत वांगी, गवार, भेंडी, वर कोथिंबिरीची जुडी. मी दुकानात होते, अब्बा गादीवर पडले होते, आरजू आत भांडी घासत होती. देवानंद उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि त्याने हात जोडले. तू त्याला पाहिलेलं नाहीस. उंच, वाळका माणूस आहे, बोलताना खाली बघतो.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू," तो म्हणाला. "मॅडम सांगत होत्या, गार्ड नसता तं पोट्टी हाती लागली नसती."

अब्बा उठून बसले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला रडू यायला लागलं. तू गेल्यापासून त्यांच्या तोंडावर मी तसं कौतुक बघितलं नव्हतं. "काय बनवलं होतं बेटा तू?" त्यांनी विचारलं. देवानंदच उत्साहाने सांगायला लागला, की बावाजी, तुमच्या पोरीनं असं गार्ड शिवलं, असं शिवलं. त्याच्या गावात मुलांची टीम आहे, त्यांनाही वीस गार्ड हवे आहेत. सरपंचांशी बोलून आलाय तो.

खरं सांगू? मी हिशेब करायला लागले. वीस गार्ड म्हणजे दुकान पुन्हा चालू. या वेळी नीट करता येईल, छोटे कप्पे करून, चार बोटांवर टाके घालून, तुला विचारून. कोणाला काही सांगायची गरजच नाही. लोक मला चांगलं म्हणतात, अब्बा खूश आहेत, पोरगी वाचली आहे. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं ते हो म्हणायला की नाही म्हणायला, मला अजून ठाऊक नाही.

तेवढ्यात देवानंद म्हणाला, "करिश्मा तं म्हणते, पुढच्या खेपेलेबी गार्ड घालून पयल्याच नंबरवर जाईन. आता तिले भेव नाही वाटत."

तिला भीती वाटत नाही. गार्ड दुरुस्त झाला असं समजून ती पुढच्या वेळी दुपट्टा घालणार नाही.

मी उठले, त्याचा दुपट्टा कपाटातून काढून त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. लगदा, ऊन, तुझं पत्र. गुरुवारी मिळालं, शनिवारी मॅच होती, हे सुद्धा. देवानंद दुपट्ट्याच्या घड्या उलगडत ऐकत होता. त्याला वेळ लागला समजायला. मध्ये एकदा त्याने विचारलं, "म्हंजे गार्डात काहीच नव्हतं?" मी म्हटलं, छातीवर नव्हतं. अब्बांनी तोंड भिंतीकडे केलं.

मग तो म्हणाला, "पन तुमच्या आरजूले ताप होता ना त्या दिवशी?"

भांड्यांचा आवाज आत थांबला होता. मी म्हटलं, "नव्हता."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुपट्टा खांद्यावर टाकत तो अगदी शांतपणे बोलला. "मीबी माह्या पोट्टीले घरीच ठेवलं असतं, बाई. आपलं लेकरू हाय, कोणीबी ठेवन. पन मॅडमले एक फोन तं केला असता."

टोपली तिथेच ठेवून तो गेला. मी हाक मारली, भाजी घेऊन जा म्हटलं, तो वळला नाही. ती भाजी आम्ही शिजवली नाही, टाकवतही नाही. कोथिंबीर सुकून गेली आहे.

अब्बा संध्याकाळी एकच वाक्य बोलले: "इमादने कळवलं होतं, आणि तू ऐकलं नाहीस?" पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं, ते हे असं. तू येणार असशील तर ये, ते आता बॅग बाहेर ठेवणार नाहीत. मॅडमना मी आज सकाळी सांगून आले. त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुमी आता मैदानावर नका येत जाऊ." ठीक आहे, नाही जाणार. गार्डचं पुढे काय करायचं ते तू आणि अब्बा ठरवा. माझ्या हाताला सध्या सुई नको.

आरजूबद्दल लिहायचं राहिलं. ती काल जेवली नाही, माझ्याशी बोललीही नाही. आज शाळेच्या मैदानावर गेली आणि लगेच परत आली, पोरी तिच्याशी बोलत नाहीत. दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं रडेल, म्हणून जवळ घ्यायला हात पुढे केला. ती मागे सरकली. म्हणाली, "अम्मी, करिश्मा त्या दिवशी मेली असती, तं तू मले खरं सांगितलं असतं का?"

मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, "मले फक्त हो का नाही सांग." मी कागद ओढून हे पत्र लिहायला घेतलं. ती अजून समोर बसली आहे, मी लिहिते आहे ते बघत, उत्तराची वाट पाहत. तिला तोंडावर सांगवत नाही, पण तुला खोटं लिहून झालं तेवढं पुरे.

नसतं सांगितलं, इमाद.

रुबीना